साडेसातची मालिका आणि कोमलची काकू

मी दिवाळी अंकासाठी लिहिते आहे हे कळल्यावर आमच्या यजमानांनी सल्ला दिला, "इतकी वर्षं मुलींच्या बालगृहाची अधीक्षिका होतीस. जरा भारदस्त लिही. संस्कार, समाज, असं काहीतरी." मी हो म्हटलं, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि तेवढ्यात साडेसात वाजले. वही तशीच ठेवून मी टीव्हीसमोर जाऊन बसले. भारदस्त लिहिणं आपल्याच्यानं व्हायचं नाही, हे तिथंच ठरलं.

मला मालिका आवडतात. सासू-सुनांच्या, जुळ्या बहिणींच्या, ज्यात मेलेला नवरा दोन वर्षांनी दाढी वाढवून परत येतो त्याही. आमच्या खात्यात हे उघड बोलायची पद्धत नव्हती. बैठकीला जमलेले सगळे जण फक्त बातम्या बघायचे, आणि त्याही नाइलाजानं. मी एकटीच बेशरम. पण या माझ्या खोडीमुळे एका मुलीचं भलं झालं आणि त्याच खोडीमुळे त्याला उशीरही झाला, ती गोष्ट मला सांगायची आहे.

आधी आमचं काम सांगते, कारण बालगृह म्हटलं की लोक अनाथाश्रम समजतात. बीड जिल्ह्यातल्या आमच्या बालगृहात अनाथ अशा मुली थोड्याच असायच्या. बाकीच्यांना आईबाप होते, पण कुणाचे कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले, कुणाचे भांडून दोन वाटांना लागलेले, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली. मूल कुठं एकटं सापडलं की पोलिस त्याला समितीपुढे उभं करतात. समिती म्हणजे ठरलेल्या वारी बसणारी चार-पाच जाणती माणसं. त्यांचा हुकूम झाल्याशिवाय आम्हाला मूल आत घेता येत नाही आणि बाहेरही सोडता येत नाही. मधल्या दिवसांत जेवूखाऊ घालायचं, उवा काढायच्या, शाळेत धाडायचं आणि रडलं तर का रडतंय ते विचारायचं, एवढं आमच्याकडे. खरं-खोटं ठरवायचा अधिकार आमचा नाही. पण ते आधी कळतं मात्र आम्हालाच.

टीव्ही मी हट्टानं मिळवला होता. जवळच्या गावचे एक पुढारी, त्यांना सगळे आबा म्हणत, दर वाढदिवसाला केळी आणि फोटोग्राफर घेऊन यायचे. एका वर्षी मी म्हटलं, "आबा, केळी पुरे झाली. टीव्ही द्या."

"पोरी बिघडत्याल की, बाई."

"इथं येईस्तोवर पोरींनी जे बघितलंय आबा, त्याच्यापुढं टीव्हीत काहीच नसतं."

आबांनी थोडा वेळ मिशीवरून हात फिरवला आणि पुढच्या महिन्यात टीव्ही आला. त्याचा उपयोग कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही, म्हणून इथं लिहिते. नवी मुलगी आली की पहिला दिवस ती बोलत नाही. नाव विचारलं तर जमिनीकडे बघते. संध्याकाळी मात्र सगळ्या सतरंजीवर बसल्या की तीही कडेला येऊन टेकते. जाहिरात लागली की शेजारची मुलगी तिला कोण कुणाची कोण ते समजावून सांगते. आणि मग कधीतरी नवी मुलगी विचारते, "ही बाई वाईट हाय का?" आमच्याकडे कितीतरी मुलींचं तोंड या एका प्रश्नानं उघडलं आहे.

वेळ साडेसात ते साडेआठ. रिमोट माझ्या हातात. चॅनल माझ्या आवडीचं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

कोमल आली तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. नऊ वर्षांची, दोन वेण्या, त्यातल्या एकीची रिबीन हरवलेली. बसस्टँडवर सलीमभाईंच्या फळांच्या गाड्याजवळ ती सकाळपासून बसून होती आणि येणारी प्रत्येक एसटी बघत होती. सलीमभाईंनी केळं देऊन विचारलं तर म्हणाली, "आईकडं जायचंय." आई कुठं आहे तर कारखान्याला. कोणत्या कारखान्याला ते माहीत नाही.

"कड्याचा कारखाना का गं?" सलीमभाईंनी बोलावून आणलेल्या पोलिस बाईंनी विचारलं.

"न्हाई. लांबचा. टरकात बसून दोन दिस जातेत."

तिचं घर नांदूरघाटच्या बाजूला एका वस्तीवर होतं. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले होते आणि तिला शाळेसाठी चुलतीकडे ठेवलं होतं. एवढं पहिल्या दिवशी कळलं. पोलिसांनी तिथं निरोप पाठवला.

त्या संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे सतरंजीच्या कडेला येऊन बसली. माझी मालिका सुरू झाली. पाच मिनिटांनी ती हळूच उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, दुसरं लावता का?"

"कोणतं दुसरं?"

"तेच. साडेसातचं."

"इथं हेच लागतं," मी म्हटलं. बाकीच्या मुलींनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ती मुकाट्यानं जागेवर जाऊन बसली. मी तेव्हा रिमोटचं एक बटण दाबलं असतं, तर ही गोष्ट दोन दिवसांतच संपली असती.

दोन दिवसांनी समितीपुढे तिनं जबाब दिला. न अडखळता दिला.

"काकू मला कोठीघरात कोंडती. आईचा फोन आला की म्हनती, कोमल झोपलीया. मी आईला हाका मारल्या तर तोंड दाबती. आन् एकदा उलथनं तापवून हाताला लावलं."

तिनं बाही वर केली. डाव्या मनगटाच्या वर काळपट, सुरकुतलेला डाग होता. समितीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, करड्या शिस्तीचा माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला. शेजारी बसणाऱ्या वकीलबाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, काहीतरी बोलायला गेल्या, मग पेन उचलून लिहायला लागल्या. मी पदरानं डोळे टिपत होते. हुकूम झाला की मुलगी नातेवाइकांच्या ताब्यात द्यायची नाही, काकूला भेटू द्यायचं नाही आणि पोलिसांनी काकूची चौकशी करायची.

काकू पुढच्याच बैठकीला आली. सिंधू तिचं नाव. तिशीची, कापूस वेचून बोटांची टोकं फाटलेली. नवऱ्याला बाहेर उभं करून एकटीच आत आली. आपल्यावर काय आळ आहे ते ऐकून आधी तिला कळलंच नाही. दुसऱ्यांदा सांगितल्यावर ती मटकन खाली बसली.

"मी कावून मारीन तिला? माज्या लेकरांच्या आधी तिला वाढतीय मी. कुनालाबी इचारा."

"मुलगी हरवल्याचं तिच्या आईबापाला कळवलंत का?" अध्यक्षांनी विचारलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"कळवलंत का?"

"न्हाई, सायेब. जावेला काय तोंड दावू? माज्या भरवशावर लेक ठिवून गेलीया."

अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही एकमेकांकडे. बाहेर व्हरांड्यात कोमलनं काकूला पाहिलं, तर पोरगी माझ्या साडीमागं लपली आणि पदर सोडेना. आता आणखी पुरावा तो काय हवा? काकूनं दिलेला कोमलच्या बापाचा नंबर लागत नव्हता. आमचे परिविक्षा अधिकारी शेळके, म्हणजे मुलांच्या घरी जाऊन चौकशी करणारे सर, एकदा वस्तीवर जाऊन आले, तर घराला कुलूप होतं. सगळे कापसाला गेलेले. त्यांच्याकडे तीन तालुके. त्यांनी 'घर बंद' असा शेरा लिहिला आणि पुढची तारीख धरली.

त्यानंतर काकू दर सोमवारी येऊ लागली. आत सोडत नाहीत हे माहीत असून फाटकासमोरच्या लिंबाखाली डबा घेऊन बसायची. पहिल्या सोमवारी करंज्या होत्या. दिवाळीच होती ती. आता मी किती अनुभवी प्रेक्षक बघा. माझ्या मालिकेत नुकतंच खिरीत विष कालवलं होतं. मी डबा घेतला, ऑफिसचं दार लावलं, एक करंजी खाल्ली आणि घड्याळाकडे बघत अर्धा तास बसले. काही झालं नाही. खात्री करायला आणखी एक खाल्ली. करंज्या चांगल्या होत्या, सारणात वेलची थोडी जास्त होती एवढंच.

कुणाच्या ते न सांगता मी त्या कोमलला दिल्या. तिनं एक घास घेतला आणि थांबली. उरलेल्या करंज्या तिनं कागदात बांधून उशीखाली ठेवल्या. चव तिनं ओळखली होती. मला वाटलं, घाबरली बिचारी. आपण एकदा एक चष्मा घातला की सगळं त्याच रंगाचं दिसतं.

दिवाळी होऊन तीनेक आठवडे झाले आणि आमचा टीव्ही बिघडला. आवाज यायचा, चित्र नाही. दोन संध्याकाळी मुलींनी काळ्या पडद्याकडे बघत मालिका ऐकली. तिसऱ्या दिवशी टीव्ही गादीत गुंडाळला, रिक्षात घातला आणि मी रशीदभाईंच्या दुकानात गेले. आमच्या गावात टीव्ही, मिक्सर, पंखे, सगळ्याचे डॉक्टर तेच.

"लाइट गेलीय आतली, बाई. बसा, लगेच करतो," ते म्हणाले. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. तासाभरात त्यांनी टीव्ही जोडून भिंतीशी उभा केला आणि हाताला येईल ते चॅनल लावलं. रात्रीच्या मालिकांचे जुने भाग दुपारी पुन्हा दाखवतात, तसलं काहीतरी चाललं होतं. मी पर्समधून पैसे काढत होते.

"कोमेजलीस का गं? बस कोठीघरात," असं टीव्हीतली बाई म्हणाली.

मी मान वर केली. मोठं घर. नाकात नथ घातलेली, भरजरी साडीतली बाई. एक लहान मुलगी. बाईच्या हातात तापलेलं उलथनं. तेवढ्यात फोन वाजला, उलथनं ठेवून तिनं तो उचलला आणि गोड आवाजात म्हणाली, "अहो, ती आत्ताच झोपली हो." आणि दुसऱ्या हातानं तिनं मुलीचं तोंड दाबलं.

"बाई, पानी आनू का?" रशीदभाई विचारत होते.

"रशीदभाई, ही कोण?"

"ही होय? ही काकू. आमच्या घरी रोज बघतेत. लई बेकार बाई. पर आता फसती बघा ती. पोरगी कोर्टात समदं सांगती ना. मंग तिची आई येती."

"आई येते?"

"येती की. धावत येती."

मी टीव्ही घेऊन परत आले, पण रिक्षात मला गादी धरायचंही भान नव्हतं. आधी मला मोकळं वाटलं. म्हणजे कुणी कोमलला डागलं नाही, कोंडलं नाही. आणि पाठोपाठ भीती वाटली, कारण मला शीतल आठवली. हे तिचं खरं नाव नाही. फार वर्षांपूर्वी ती आमच्याकडे आली होती आणि मामा मारतो म्हणाली होती. सांगताना हातवारे असे करायची की आम्हाला हसू आलं. "सिनेमे बघून बोलते," असं कुणीतरी म्हणालं, आणि त्या हसण्यात मीही होते. तिला घरी पाठवलं. तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. ती आज नर्स आहे, दिवाळीला फोन करते. मी हसले होते हे ती विसरली असेल. मी नाही विसरले. त्या दिवसापासून मी ठरवलं होतं की पोर सांगेल ते खरं धरायचं, खोटं ठरवायची घाई करायची नाही.

आता काय करायचं? मालिकेत दिसलं म्हणून घरात घडलंच नाही, असं थोडंच आहे. मी बोलले आणि मी चुकलेली निघाले, तर कोमल त्या उलथन्याकडे परत जाणार. मी गप्प बसले, तर एका निर्दोष बाईवर गुन्हा दाखल होणार आणि पोरगी वर्षानुवर्षं आमच्याकडे. कोणाला काही न सांगता मी संध्याकाळची वाट पाहिली.

साडेसातला सगळ्या जमल्या. मी रिमोट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसरं चॅनल लावलं. मुलींमध्ये कुजबुज झाली. मी कोमलच्या शेजारी सतरंजीवरच बसले. शीर्षकगीत लागलं तशी ती ताठ झाली. पाच मिनिटं ती माझ्याकडे बघतच नव्हती. मग तिचे ओठ हलायला लागले. भरजरी काकू बोलायच्या आधीच तिला वाक्यं येत होती, इतकी तिला त्या बाईची बोलायची ढब पाठ होती. जाहिरात लागली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडेच बघते आहे, हे तिला कळलं.

"यात आई येते का गं?" मी विचारलं.

तिनं सतरंजीचा एक दोरा ओढला. मग म्हणाली, "येती. मी घरी व्हते तवा म्होरल्या भागात दावलं व्हतं. कोर्टात येती, रडत."

"आणि मग?"

"मंग घिऊन जाती."

"म्हणून तू सांगितलंस?"

तिनं मान हलवली. "काकू चांगली हाय आसं सांगितलं, तर तुमी मला काकूकडंच सोडलं आसतं. आई आलीच नसती. काकू आली तवा वाटलं, आता ती समदं खरं सांगंल."

समिती, शेळके सर, पोलिस, मी, आमच्यातल्या कुणालाच जे सुचलं नाही ते या नऊ वर्षांच्या पोरीनं आखलं होतं. आईला बोलावून आणायचं. आपल्याकडून तिला कुणी बोलावत नाही, तर टीव्हीतल्यासारखं करून बघावं.

"मग हा डाग?" मी तिचा हात धरला.

"हात मुरगाळला व्हता. आईनं बिब्ब्याची फुली मारली. ती उतली."

बिब्बा ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. रानातलं काळं फळ, सुई तापवून त्यात खुपसायची आणि तिच्यावर येणाऱ्या तेलानं दुखऱ्या जागेवर फुली काढायची. मुरगळलं, लचकलं, सांधे धरले, आमच्याकडे त्याला हा पहिला इलाज. एखाद्याला तो मानवत नाही, कातडी उतते, फोड येतात आणि कायमचा डाग राहतो. मी डाग दिव्याखाली धरून पाहिला. सुरकुत्यांच्या मधोमध फुली अजून दिसत होती. तापलेल्या उलथन्याचा डाग फुलीसारखा कसा असेल? आणि लाज वाटायची गोष्ट पुढं आहे. माझ्या उजव्या गुडघ्यावर अगदी तसाच डाग आहे. माझ्या आईनं मारलेल्या बिब्ब्याचा. चाळीस वर्षं मी तो रोज आंघोळीला बघते. आम्ही शिकलो-सवरलो, फायली सांभाळायला लागलो आणि आमचा गुडघा विसरलो.

तरी नुसत्या तिच्या शब्दावर मला जायचं नव्हतं. शीतल मनातून जात नव्हती. दुसऱ्या दिवशी शेळके सरांना घेऊन मी वस्तीवर गेले, आणि मुद्दाम सकाळी लवकर गेले. पत्र्याच्या दोन खोल्या. कोठीघर नव्हतंच. धान्याची दोन पोती होती, ती पलंगाखाली. टीव्ही मात्र होता, त्याच्यावर भरतकामाचं फडकं. शाळेत गेलो. गुरुजींनी आरोग्य तपासणीचं मागच्या वर्षीचं कार्ड काढलं. त्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं, डाव्या मनगटावर जुना डाग. मागच्या वर्षी कोमल आईजवळ होती, काकूकडे आलेलीच नव्हती. शेजारणीला विचारलं तर तिनं आम्हालाच झापलं, "सिंधीनं तीन दिस अन्नाला शिवलं न्हाई आन् तुमी तिच्यावरच केस करताव?"

सिंधू दारात उभी होती. तिनं आम्हाला काही ऐकवलं नाही. एवढंच विचारलं, "जेवती का वो ती?"

पुढच्या बैठकीत मी सगळं वाचून दाखवलं. शाळेचं कार्ड ठेवलं, शेळके सरांचा अहवाल ठेवला. अध्यक्षांनी विचारलं, "पण हे तुमच्या ध्यानात आलं कसं?"

"टीव्ही बघून, सर."

मी चॅनल सांगितलं, वेळ सांगितली. मग वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मला पहिल्याच दिवशी शंका आली होती," त्या म्हणाल्या. "कोठीघर म्हणाली तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू, सर? समितीत बसून सांगू, की मी रोज ही मालिका बघते म्हणून?"

अध्यक्ष खिडकीबाहेर बघू लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "आमच्याकडेही लागते. मी तिथं पेपर वाचत असतो." तसं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही सगळे शहाणे. आम्हाला एकमेकांची लाज वाटली म्हणून एक पोर पाच आठवडे कुलपाआड राहिलं आणि एक बाई लिंबाखाली बसून राहिली. मी माझंही सांगून टाकलं, की पहिल्या संध्याकाळी पोरगी चॅनल बदला म्हणाली होती आणि मी बदललं नाही. माझी तेवढीच शिक्षा, की ते माझ्या तोंडानं सांगावं लागलं. काकूवरची चौकशी थांबवायचं पत्र त्याच दिवशी निघालं. जिना उतरताना माझे पाय हलके झाले होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत 'असं काही घडलंच नव्हतं' हे वाक्य मला फार थोड्या वेळा लिहायला मिळालं आहे.

सिंधूला मी माझ्या ऑफिसात बसवलं आणि जावेला फोन लाव म्हटलं. बापाचा फोन बंदच होता, म्हणून तिनं त्यांच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या दुसऱ्या बाईचा नंबर शोधून काढला. "आक्के, मपल्या हातनं चुकी झाली," एवढं बोलून ती रडायला लागली. पुढचं मी सांगितलं.

आई तिसऱ्या दिवशी आली. धावत आली नाही, एसटीनं आली. केसांत उसाची कुसं, हातावर पात्यांचे ओरखडे. कोमल व्हरांड्यात उभी होती. आईनं पिशवी खाली ठेवली, जवळ गेली आणि आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"एकली यष्टीत बसलीस?"

मग ती तिथंच पायरीवर बसली, पोरीला दोन गुडघ्यांमध्ये घेतलं आणि तिची वेणी सोडायला लागली. कोमलनं माझ्याकडे बघितलं आणि तक्रार केल्यासारखी म्हणाली, "ही रडंना."

"रडाया येळ कुटं हाय? परवा फडात जायचंय," आई म्हणाली. पण ती एक वेणी तिनं तीनदा सोडली आणि तीनदा घातली, आणि तेवढा वेळ तोंड भिंतीकडेच ठेवलं. मी आत निघून गेले.

संध्याकाळी दोघी जावा बाकावर बसल्या. थोरली म्हणाली, "मला का सांगितलं न्हाईस?"

"तोंड नव्हतं, आक्के."

"पोरगी मपली हाय तशी तुपली बी हाय. तुला तोंड नसाया काय झालं?"

कोमलला आईबरोबर जायचं होतं. आईनं नाही म्हटलं. फडात शाळा नाही, राहायच्या पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, साप निघतात, आणि पाचवीला पुजलेला कोयता पोरीच्या हातात द्यायचा नाही. कोमल रडली, आई रडली नाही. शेवटी ठरलं ते असं. कोमल काकूकडेच राहणार, पण ज्या संध्याकाळी उसाची गाडी भरायची नसेल, त्या प्रत्येक संध्याकाळी साडेआठला आई फोन करणार. टोळीतल्या त्या बाईचा फोन. अध्यक्षांनी हे सुद्धा हुकुमात लिहिलं. असा हुकूम मी दुसरा पाहिला नाही.

जाताना कोमलनं उशीखालचा कागद काढला. करंज्यांचा भुगा झाला होता. तो तिनं काकूपुढे धरला. काकूनं त्यातला चिमूटभर तोंडात टाकला आणि म्हणाली, "येलदोडा जास्तच झालता बग." माझं मत बरोबर निघालं.

त्यानंतर आमच्याकडे चॅनल मुली ठरवू लागल्या. हात वर करून मतदान. मी बहुतेक वेळा हरले.

तो हंगाम संपेपर्यंत मी निवृत्त झाले, आणि गुढीपाडव्यानंतर सिंधूचा फोन आला. ऊसतोडीचे लोक परतले होते.

"बाई, एक गंमत सांगायचीय," ती म्हणाली. "कोपीत टीव्ही न्हाई ना, म्हनून ही पोरगी रोज फोनवर आईला समदी मालिका सांगायची. अर्धा-अर्धा घंटा. मी म्हनायची सांगू दे, त्येवढंच."

"बरं मग?"

"काल तिची आई माज्याकडं आली. आमी टीव्ही लावला. ती काकू दिसली, नथवाली. वंगाळ बोलाया लागली. तर आमची आक्का म्हनती कशी, ही बाई आज आसं कावून बोलतीया? लई चांगली बाई हाय की ही. पोरीला तर आईवानी बगती."

फोनवर मागं टीव्हीचा आवाज येत होता.

"बाई, चार म्हैने ती आईला आसंच सांगत व्हती. त्या काकूला तिनं पार चांगली करून टाकली."